प्रार्थनाघराची तुळई आणि आमचे नथनेलराव

श्री. नथनेलराव पगारे यांची मला पहिल्यांदा दिसली ती पाठ. स्वातंत्र्य मिळाले त्यानंतरचा पहिला हिवाळा होता. कल्याणच्या खाडीकडेला माझी लाकडाची वखार नुकतीच उभी राहिली होती. ज्या वखारीत मी बारा वर्षे हमाली केली, तिच्याच शेजारी स्वतःची पाटी लावल्यामुळे माझी छाती जरा जास्तच फुगलेली होती. इंजिनावरची गोल करवत आणली, पण तिला धार लावणारा माणूस टिकेना. एका सकाळी येऊन बघतो, तर कुणी उंच, सडसडीत गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे. टोपी काढून काखेत धरलेली, कानशींची पुरचुंडी पायाशी. मी हाक मारली. उत्तर नाही. दुसरी मारली, तेव्हा ते वळले आणि हसून म्हणाले, "माफ करा शेट. करवतीच्या कामाला आलोय. कामाआधी दोन मिनिटं देवाशी बोलतो. तेवढ्यात हाक मारू नका, बाकी दिवसभर मारा."

"आणि मारली तर?"

"तर त्याला थांबवून तुमचं ऐकेन. पण मग तुमच्याबद्दल त्याच्याशी सविस्तर बोलावं लागेल."

असा माणूस एकतर फार बेरकी असतो, नाहीतर फार सरळ. मी धंद्याच्या सवयीने बेरकी धरून चाललो आणि कामावर घेतले. तो अंदाज नऊ-दहा वर्षे मी सोडला नाही. परवा तो मोडला, आणि हा लेख मी त्याचसाठी लिहीत आहे.

नथनेलरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतल्या विद्वानांनी लिहिणे योग्यच आहे. माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या लाकूडवाल्याला, त्यातून हिंदू माणसाला, समितीने का बोलावले हे मला पक्के ठाऊक आहे. त्यांना माझ्याकडून प्रार्थनाघराच्या मधल्या तुळईची गोष्ट हवी होती. ती कल्याणच्या वखारींत चहाबरोबर सांगितली जाते, आणि प्रार्थनाघराच्या पायरीवरही हळू आवाजात सांगितली जाते असे ऐकतो. ती गोष्ट चुकीची आहे. चुकीची का, ते सांगायचे तर मला माझीच एक लबाडी छापावी लागणार आहे. पण नथनेलरावांनी स्वतः ती दुरुस्त करायला सांगितली आहे, तेव्हा इलाज नाही. तिकडे जाण्याआधी त्यांची नीट ओळख करून देतो, म्हणजे पुढचे ध्यानात येईल.

धार लावणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. करवतीचा प्रत्येक दात कानशीने सारख्या तिरक्या कोनात घासायचा, मग एकाआड एक दात डावी-उजवीकडे किंचित वाकवायचा. एक दात चुकला तर लाकूड ओढ घेते. मला डोळ्यांपेक्षा कानांचे जास्त कळते. हमाल असल्यापासून ओंडका ठोकून आतले सांगण्याबद्दल माझे नाव होते. कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकावे, 'ठण्ण' वाजला तर गाभा शाबूत, 'भद' वाजला तर आत पोकळ. त्याच कानांनी मी गादीवर बसल्या बसल्या सांगू शकत असे की आज फिरणारी करवत नथनेलरावांच्या हातची आहे. ती लाकडात शिरताना किंचाळत नसे, गुणगुणत असे. ते स्वतःही कानस चालवताना भजन गुणगुणत, आणि कानशीच्या येण्या-जाण्यावर त्याचा ताल असे. हमालांना ती भजने पाठ झाली होती. आमचा मुकादम धर्मा जातीचा आगरी, गळ्यात एकवीरेचा ताईत; पण ओंडका उचलताना येशूचे भजन म्हणायचा आणि वर सांगायचा, "देव कोनचा का असंना, चाल वजन उचलाया बरी हाय."

एकदा ठाण्याचे मोठे गिऱ्हाईक दारात, इंजिन नुसते धडधडतेय आणि नथनेलराव कानस सोडेनात. मी ओरडलो, "मिस्त्री, उरका!"

"चारच दाते राहिलेत, शेट."

"चार दात्यांनी काय होतंय?"

"तुमचे पुढचे चार पडले तर काय होईल?"

गिऱ्हाईक हसले आणि बाकावर बसून राहिले. करवत लागली ती चारही दाते पुरे झाल्यावरच.

दसऱ्याला वखारीत हत्यारांची पूजा असते. पहिल्या वर्षी मला प्रश्न पडला की ख्रिस्ती मिस्त्री काय करणार. त्यांनी आदल्या दिवशी सगळ्या करवती, कुऱ्हाडी, पटाशा घासूनपुसून, तेल लावून आरशासारख्या केल्या. झेंडूची तोरणे बांधायला शिडीवर तेच चढले. पूजेची वेळ झाली तेव्हा मात्र शांतपणे बाहेर जाऊन बाभळीखाली बसले. धर्माने छेडले, "भाऊ, एक फूल वाह्यलं तर तुमचा देव रागावंल काय?"

नथनेलराव म्हणाले, "धर्मा, हात दोन आहेत, ते तुमच्या कुठल्याही कामाला लावा. मन एकच आहे. ते दिलेलं आहे."

यात ना तोरा होता, ना आमच्या पूजेला नाक मुरडणे. लग्न झालेल्या माणसाने आपण विवाहित आहोत असे सांगावे, तसे सांगितले. त्यानंतर पुन्हा कुणी त्यांना तो प्रश्न विचारला नाही. उलट दसऱ्याची तोरणे त्यांनीच बांधावीत अशी रीत पडली, कारण त्यांची गाठ सुटत नसे.

माझी आई तुळशीची माळ घालणारी. तिला विषमज्वर झाला तेव्हा नथनेलराव रोज संध्याकाळी काम सुटल्यावर येत. येताना मार्थाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, केलेली पेज आणत. पेज पोटात जाईपर्यंत बसून राहत आणि मग विचारत, "मोठ्याबाई, तुमच्यासाठी दोन शब्द बोलू का त्याच्याशी?" पहिल्या दिवशी आईने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि संशयाने विचारले, "तुमच्या देवाला मराठी कळतं का हो?"

"मोठ्याबाई, मला दुसरी भाषा येतेच कुठं?"

ती बरी झाली. डॉक्टरांच्या औषधाने झाली असे मी म्हणे, पांडुरंगाने केले असे ती म्हणे. नथनेलरावांना विचारले तर म्हणत, "बऱ्या झाल्या ना?" त्यांना तेवढे पुरे होते. पुढे मी काही आडमुठेपणा केला की आई मला न सांगता त्यांना निरोप धाडी, "मिस्त्रींना म्हणावं, गोविंदाबद्दल जरा बोला वर."

तर असे हे गृहस्थ. घर दोन खोल्यांचे, पुढे ओसरी. त्या ओसरीवर दर रविवारी मंडळी जमत. नगरकडून पोटापाण्यासाठी आलेली पंधरा-वीस घरे, बरीचशी रेल्वेतली. दोन कुटुंबे डोंबिवलीहून येत, आणि दिवा स्टेशनचा एक गँगमन पाय मोडून घरी बसला तेव्हा नथनेलराव आठवड्याचे भजन त्याच्या दारात जाऊन म्हणून येत, रुळांच्या कडेकडेने चालत. ओसरीवर मुले मावत नसत. ती अंगणात, उन्हात बसत. शेवटी मंडळीतल्या एका म्हातारबाईने आपली जागा दिली आणि प्रार्थनाघर बांधायचे ठरले. विटा कुणी, कौले कुणी, अंगमेहनत सगळ्यांची. अडले ते मधल्या तुळईपाशी. सगळे छप्पर तिच्यावर तोलायचे. एवढा लांब, सरळ साग लहान-सहान वर्गणीत येत नाही.

आता माझी लबाडी.

मंडळीची चार-सहा माणसे वखारीत चौकशीला आली. समोर दोन-तीन व्यापारी बसलेले. मी गादीवरून मोठ्याने म्हणालो, "तुळईचं काय विचारता? ती माझ्याकडून. भेट." वाहवा झाली. मग मी मागे गेलो. तिथे शहापूरकडच्या मालात आलेला एक ओंडका पडून होता. दिसायला देखणा, सरळ, सालीवर डाग नाही. मी तो आल्या दिवशीच ठोकला होता. 'भद' वाजला होता. गाभा गेलेला. गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालावा तर बोभाटा होईल, म्हणून तसाच ठेवला होता. तो मी धर्माला बाहेर काढायला सांगितला. माल खपला आणि नावही झाले, असा हिशेब. छप्पर दोन-चार पावसाळे तर धरेल, पुढचे पुढे, असेही मनाला सांगितले. धर्मा माझ्याकडे पाहत राहिला. त्यालाही कान आहेत. पण मुकादमाने शेटला काय म्हणावे?

बैलगाडी आली. मंडळीच्या बायका, पोरे, सगळी तुळई बघायला आली. ओंडका गाडीवर चढणार, इतक्यात नथनेलराव आतून हात पुसत आले. ओंडक्याभोवती एक फेरी मारली. मी त्यांच्या हातांकडे बघत उभा. हा माणूस नुसत्या आवाजावरून करवतीचा एक बोथट दात सांगतो. याने एकदा ठोकले की संपले. त्यांनी ठोकले नाही. टोपी काढली, डावा हात ओंडक्यावर ठेवला आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, प्रार्थना सुरू केली. ती मला अजून जशीच्या तशी पाठ आहे.

"प्रेमळ पित्या, गोविंदशेटबद्दल तुझे आभार मानतो. वखारीतलं चांगल्यात चांगलं लाकूड त्यांनी आम्हाला काढून दिलं. त्यांनी आमच्यापासून काही लपवलं नाही, तूही त्यांच्यापासून काही चांगलं राखून ठेवू नकोस. या लाकडाखाली आमची लेकरं बसतील, ती निर्धास्त बसू देत. गोविंदशेटच्या घरावरचं छप्परही असंच मजबूत राहू दे."

सगळ्यांनी "आमेन" म्हटले. लेकरांनी जरा जास्तच जोरात म्हटले. धर्मा माझ्या कानाशी आला. "शेट, आता कसं कराचं? पोरं बसनार हाईत खाली. आनि तुमच्या घराचं पन बोल्लं ते."

मी पुढे होऊन काहीतरी बोललो, "थांबा, थांबा, असा गोल ओंडका नेऊन काय करणार? मी चौकोनी कापून, रंधून पाठवतो. दोन दिवसांत जागेवर पोचता करतो." मंडळी आणखी खूश झाली. नथनेलरावांनी माझे दोन्ही हात धरले. रिकामी गाडी परत गेली.

त्या दुपारी मी आणि धर्माने अख्खी वखार ठोकून काढली. तेवढ्या लांबीचा, वाजला तर मंदिरातल्या घंटेसारखा, असा एकच साग निघाला. तो मी विकायला ठेवलाच नव्हता. डोंबिवलीला घर बांधायला काढले होते, तिथल्या माजघरासाठी तो बाजूला ठेवला होता. मी त्याच्यावर बसून बराच वेळ खाडीकडे बघत राहिलो. मग धर्माला म्हणालो, "हाच चढव करवतीवर." नथनेलराव दुसऱ्या दिवशी पाया खणायला प्रार्थनाघराच्या जागेवर होते, त्यामुळे कापताना ते नव्हते, पण करवत त्यांच्याच हातची होती आणि ती त्या सागात अशी काही गुणगुणत गेली की सांगता सोय नाही. त्या देखण्या ओंडक्याचे आम्ही जळणासाठी तुकडे केले. पहिल्याच तुकड्यातून धर्माने ओंजळभर तपकिरी भुसा काढून माझ्या हातावर ओतला आणि म्हणाला, "घ्या शेट, तुमची तुलई."

ही गोष्ट धर्माच्या पोटात राहणे शक्यच नव्हते. आठवड्यात सगळ्या वखारींत झाली. पण तिचा रोख निराळाच झाला: नथनेलरावांनी ओंडका पोकळ आहे हे ओळखले, चारचौघांत शेटला तोंडावर पाडले नाही, प्रार्थनेत बरोबर धरले. काय हुशार माणूस! मला कुणी डिवचले तर मीही हसून म्हणे, "अरे, आपल्याहून सवाई निघाला." खरे सांगतो, मला त्यात समाधान होते. बेरक्याला बेरकी भेटला, हिशेब बरोबरीत सुटला. त्या हुशारीबद्दल मी त्यांना मनातून नमस्कार करीत असे. पण नऊ वर्षांत आम्ही दोघांनी त्याबद्दल एक अक्षर काढले नाही.

हा लेख लिहायचा ठरला तेव्हा वाटले, आता तरी त्यांच्या तोंडून ऐकावे. गेल्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून ते शेजाऱ्याची छोटी करवत घासून देत होते. मार्थाबाई तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, "मिस्त्री, आता आपण दोघं म्हातारे झालो. खरं सांगा. त्या दिवशी ओंडका न ठोकताच कसा ओळखलात?"

"कुठला ओंडका?"

"तुळईचा. पोकळ होता तो."

कानस थांबली. "तुळई पोकळ आहे?" ते उठायलाच निघाले, माझ्या मते थेट प्रार्थनाघराकडे.

मी त्यांना हाताला धरून बसवले आणि सगळे सांगितले. गादीवरून मारलेली बढाई, 'भद' वाजलेला ओंडका, धर्मा, डोंबिवलीच्या घरचा साग. सांगता सांगता मला कळत गेले की यातले एकही अक्षर त्यांना ठाऊक नाही. नऊ वर्षे सगळा गाव जी गोष्ट सांगतो ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, आणि पोचली असती तरी त्यांना कळली नसती.

मी विचारले, "पण तुम्ही ठोकून का नाही बघितलंत?"

"तुम्ही ठोकलं होतंत ना? मग मी पुन्हा कशाला ठोकू?"

हमाल असल्यापासून मी लाकडे ठोकली आणि माणसेही ठोकली. प्रत्येकात कुठे ना कुठे 'भद' वाजतेच, तेवढे ओळखायचे आणि धंदा करायचा, हे माझे शहाणपण. या माणसात तो आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून मी स्वतःच कल्पून ठेवला होता. आणि त्याला हुशारी असे नाव देऊन वर आदरही करीत होतो. आत दुसरे काही नव्हतेच. देवापाशी बोलताना जे मन, तेच माझ्यापाशी. सालीपासून गाभ्यापर्यंत एकच.

मला वाटले होते, ऐकून त्यांना वाईट वाटेल. ते खरोखरच विचारात पडले होते. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे करीत होते. मग म्हणाले, "शेट, मी प्रार्थनेत काय म्हणालो होतो, ते तुम्हाला आठवतं?"

मी म्हणून दाखवली.

"वखारीतलं चांगल्यात चांगलं लाकूड. ते तुम्ही दिलंत?"

"दिलं."

"लेकरं निर्धास्त बसली?"

"बसली."

"तुमच्या घराचं छप्पर?"

"चांगलं आहे. तुमच्याइतकं नाही, पण आहे."

"आणि लपवलं नाही म्हणालो होतो. ते आज सांगितलंत." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग खोटं काहीच नाही निघालं. मी फक्त थोडं आधी बोललो."

मार्थाबाई पदरात तोंड घालून हसू लागल्या. "अहो, नऊ वर्षं आधी!" मग ते हसले, मग मी. ओसरीवर आम्ही तिघे म्हातारे इतके हसलो की शेजारची माणसे डोकावली.

निघताना मात्र त्यांनी मला थांबवले. चेहरा गंभीर. म्हणाले, "शेट, एक काम करा. लोक मला हुशार समजतात म्हणता, ते बरं नाही. मी कुणाला प्रार्थनेत पकडलं नाही. प्रार्थना ही माणसं पकडायची वस्तू नव्हे. तेवढं दुरुस्त करून लिहा. तुमचं नाव घालू नका. एक व्यापारी म्हणा."

पहिली गोष्ट वर केलीच आहे. दुसरी मात्र ऐकली नाही. तो व्यापारी मीच, गोविंद, खाडीवरचा लाकूडवाला. मंडळीतल्या सर्वांची, विशेषतः त्या वेळी मोठ्याने "आमेन" म्हणणाऱ्या आणि आता मिशा फुटलेल्या लेकरांची, मी या ग्रंथातून माफी मागतो. घाबरू नका. परवाच येताना मी प्रार्थनाघरात शिरून, बाकावर चढून, तुळई मुठीने ठोकून आलो आहे. 'ठण्ण' वाजते. तुमच्या नातवंडांना पुरेल.

नथनेलरावांची कानस अजून पंचवीस-तीस वर्षे तरी थांबू नये, त्यांचे गुडघे टेकताना आणि उठतानाही धड राहावेत, आणि मार्थाबाईंची सोबत त्यांना शेवटपर्यंत लाभावी, हे मी माझ्या पांडुरंगापाशी आणि त्यांच्या प्रभूपाशी, दोघांपाशी मागतो. आमच्या घरी मोठ्याबाई आता नाहीत, पण त्यांचा निरोप मी पुढे चालवतो: मिस्त्री, गोविंदाबद्दल वर बोलत राहा. आमच्यातल्या सगळ्यांबद्दलच असे थोडे आधी बोलत राहा. आम्ही धापा टाकत का होईना, मागून येऊन पोचतो.